कायोंगो आणणारी

अदोयोला आमच्या गावात तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. आमच्या आलेगो मुलखात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या मुलखावरून ओळखतात, म्हणून ती न्यार उगेन्या, उगेन्याची लेक. हे तोंडावर. पाठीमागे तिला दुसरं नाव होतं, आणि ते तिच्याही कानावर होतं: कायोंगो आणणारी.

कायोंगो म्हणजे मक्या-ज्वारीच्या मुळांना चिकटून जगणारा टारफुला. फुलं जांभळी, दिसायला इतकी देखणी की रस्त्यानं जाणारा परका माणूस थांबून बघतो. तो बघत असतो तेव्हा शेतकऱ्याचं पीक खालून संपलेलं असतं. मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो, पानं करपतात, कणीस म्हणून बोटाएवढं काहीतरी लागतं. आधी सहा आठवडे हा चोर जमिनीखालीच असतो. वर येतो तो जेवून झाल्यावर.

अदोयो १९८१ साली ओचोलाची दुसरी बायको म्हणून आली. थोरली अबोन्यो. तिचं घर अंगणात फाटकासमोर, दोनच वर्षांपूर्वी बांधलेलं, चांगलं ऐसपैस. धाकटीचं घर डावीकडे. ओचोला साखर कारखान्यात कामाला होता आणि महिन्यातून एकदा यायचा. दोघी भांडत नसत. अबोन्यो मुळातच कमी बोलणारी होती. तिचं मौन भांडणापेक्षा जड जायचं, एवढंच.

१९८३ च्या मार्चमध्ये पाऊस वेळेवर आला आणि नेमकी अबोन्यो तापानं आजारी पडली. तिला तिच्या भावानं माहेरी नेलं. आता आमच्यात नेम असा, की थोरलीनं पहिलं बियाणं मातीत टाकायचं आणि मग धाकटीनं. थोरलीच्या आधी धाकटीनं पेरलं तर घराला झीज लागते, माणसं वाळत जातात. हे लहान पोरालाही माहीत असतं. अदोयो नऊ दिवस थांबली. शेजाऱ्यांचा मका बोटभर वर आला होता. तिच्या अंगावर पिणारा मुलगा होता, आणि घरातला मका संपत आला होता. दहाव्या दिवशी ओढ्याकाठच्या तिच्या तुकड्यात, निवडुंगाच्या कुंपणाआड, तिनं चार ओळी पेरल्या. फक्त चार. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटलं, आणि खरंच कुणी पाहिलं नव्हतं.

चुगली मक्यानंच केली. अबोन्यो परत आली, तिनं रीतसर पेरणी केली, मागोमाग अदोयोनं उरलेला तुकडा पेरला. तीन आठवड्यांनी त्या चार ओळी बाकीच्या शेतापेक्षा वीतभर उंच उभ्या होत्या. अबोन्योनं आरडाओरडा केला नाही. ओचोला सुट्टीवर आला तेव्हा त्याला कुंपणापाशी नेलं आणि नुसतं बोट दाखवलं.

जूनमध्ये त्याच चार ओळींत कायोंगो फुलला. आधी पेरलेलं म्हणून आधी दिसला, इतकंच. पुढे महिन्याभरात तो सगळ्यांच्याच शेतात दिसला, पण तोवर नाव पडून गेलं होतं. ऑगस्टमध्ये अदोयोचा मुलगा गोवरानं गेला. आठ महिन्यांचा होता. ओचोलाचा मोठा भाऊ राडिंग हा घरचा कर्ता. त्यानं शुद्धीचा कडू काढा सगळ्यांना प्यायला लावला आणि दोष धुतला गेला असं जाहीर केलं. पण धुतला गेला असं कुणी मानलं नाही. पुढच्या वर्षी कायोंगो आला की बायका ओढ्यावर एकमेकींकडे बघायच्या. त्यानंतर अदोयोला एक मुलगी झाली, अकेयो. मुलगा झाला नाही.

सगळ्यात वाईट हे, की अदोयोचाही त्यावर विश्वास होता. मला तिनं नंतर सांगितलं, लोक म्हणायच्या आधी मीच म्हटलं होतं. मुलाला मातीत ठेवताना मी मनात म्हटलं, त्या चार ओळींनी नेलं तुला.

माझा या गोष्टीशी संबंध आला तो १९८९ मध्ये. मी त्याच गावचा, वासोंगा. शाळा संपवून बरीच वर्षं रिकामा बसलेला. मला एका पीक संशोधन केंद्रात शेतावर नोंदी ठेवण्याची नोकरी लागली. काम काय, तर कायोंगोची रोपं मोजायची. गावानं मला लगेच नाव ठेवलं. म्हणत, हा बघा, सगळ्यांनी पीक मोजायचं आणि यानं तण मोजायचं, याच्या बापानं फी भरली ती यासाठी.

साहेबांना सगळ्यात बिघडलेलं शेत हवं होतं. मी ओचोलाला विचारलं, धाकटीचा ओढ्याकाठचा अर्धा एकर प्रयोगाला देशील का. तो हसला. म्हणाला, घेऊन जा, तिच्या हाताखाली दुसरं काय उगवतंय.

पहिल्याच आठवड्यात मी अदोयोला बी दाखवलं. पांढऱ्या बशीत चिमूटभर टाकलं. तपकिरीसारखं, तपकिरीहूनही बारीक. तिनं बशी नाकापासून लांब धरली, श्वासानं उडू नये म्हणून. इतकी वर्षं ती हे रोप उपटत होती, पण बी तिनं कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. मी तिला सांगितलं, एका रोपाला असे पन्नास हजारांच्या वर दाणे. वाऱ्यानं जातात, गुरांच्या खुरांना लागून जातात, बियाण्याच्या पोत्यातून बाजारभर फिरतात.

"मातीत पडलं की उगवतं?" तिनं विचारलं.

"नाही. पडून राहतं. पावसानं ओल मिळाली, ऊब मिळाली, की दहा-पंधरा दिवसांत तयार होतं. पण उठत नाही. जवळ मक्याचं किंवा ज्वारीचं मूळ आलं, त्या मुळातून पाझरणारा रस लागला, तरच उठतं. नाही लागला तर परत झोपतं."

"किती वर्षं?"

"पंधरा. वीससुद्धा."

"काही न खाता?"

"काही न खाता."

ती बशीकडे बघत बसली. मी वहीत काहीतरी लिहीत होतो. मग ती म्हणाली, "मी त्या चार ओळी पेरल्या तेव्हा हे आधीच होतं खाली?"

"बहुतेक होतं."

"बहुतेक म्हणू नकोस. होतं की नव्हतं ते सांग."

सहा वर्षांपूर्वीची माती मी कुठून आणणार होतो?

त्यानंतर तिनं त्या अर्ध्या एकराचं जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्याच शेतात पाहिलं नाही, आणि मी चाळीस शेतं पाहिली. केंद्राचा उपाय साधा पण चिवट होता. कायोंगो फुलायच्या आत हातानं उपटायचा, बांधावर न टाकता जाळायचा. एक हंगाम मका, तर पुढचा हंगाम तीळ. तिळाच्या मुळाचा रसही कायोंगोच्या बीला उठवतो, पण त्या मुळाला त्याला चिकटता येत नाही. उठतं, अन्न मिळत नाही, चार दिवसांत मरतं. हे ऐकून अदोयो पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. म्हणाली, चोराला हाक मारायची आणि दार लावून घ्यायचं.

बाकीच्यांनी हा उपाय दोन हंगामांत सोडला. तिळानं पोट भरत नाही, कुओन, म्हणजे आमचा रोजच्या जेवणातला पिठाचा घट्ट गोळा, शिजवायला मक्याचं पीठच लागतं. अदोयो तीळ बाजारात विकून मका आणायची, आणि कमी पडला की मायलेकी पेजेवर दिवस काढायच्या. रोज सकाळी ओळीओळीतून वाकून फिरायची. पहिल्या हंगामात मी एक पाऊल लांब, एक पाऊल रुंद एवढ्या जागेत त्रेसष्ट रोपं मोजली होती. सहाव्या वर्षी चार. अकराव्या वर्षी सबंध अर्ध्या एकरात एकही नाही. मी दोनदा मोजलं. वहीत शून्य लिहायची ती माझी पहिलीच वेळ. तिनं विचारलं, काय लिहिलंस. मी वही दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण शून्य कळलं.

पलीकडे वरच्या अंगाला अबोन्योचं शेत होतं, जांभळंच्या जांभळं. वाऱ्यानं बी खाली येऊ नये म्हणून सुरुवातीच्याच एका वर्षी अदोयो बांधालगतच्या दोन ओळी तिच्याही शेतातून उपटायला गेली होती. अबोन्योनं तिला बाहेर काढलं. म्हणाली, "माझ्या मातीत हात घालू नकोस. एकदा घातलास तेवढा पुरे झाला." त्या वर्षी तरी माझ्या कानावर पडलेलं अबोन्योचं ते एकमेव वाक्य.

१९९६ मध्ये अबोन्यो वारली. गेलेल्या बाईचं घर आमच्यात पाडत नाहीत, आपोआप पडू देतात. दोन पावसाळ्यांनी ते बसलं. मग तिचा मुलगा ओडुंडो यानं कुडाच्या काटक्या काढल्या, भिंतींची माती पसरली, जागा नांगरली आणि १९९९ च्या मार्चमध्ये तिथं मका पेरला. तशा जागेत पीक जोमदार येतं म्हणतात. जूनमध्ये तिथं कायोंगो आला, आणि तो असा आला की जणू कुणी दोरी लावून आखला होता. बरोबर घर होतं तेवढ्या चौकोनात, आजूबाजूच्या शेतापेक्षा दुप्पट दाट.

दुसऱ्या दिवशी अदोयो केंद्राच्या फाटकावर हजर. पाच मैल चालत आली होती. पहारेकरी आत सोडेना तर तिथंच मातीत बसली. मी बाहेर आलो तेव्हा तिनं फक्त "चल" म्हटलं.

तिनं सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं. अबोन्योच्या घराची जमीन १९७९ मध्ये चोपली होती. अदोयो आली एक्क्याऐंशीत, चार ओळी पेरल्या त्र्याऐंशीत. त्या जमिनीवर जवळजवळ वीस वर्षं छप्पर होतं, पाणी नाही, मूळ नाही, वर शेणाचं सारवण. आणि चुलीजवळचा एक कोपरा नांगरातून सुटला होता, तो अजून तसाच कडक होता. मी तिथून हातभर खोल माती काढली. केंद्रात चाळणीवर धुतली, भिंगाखाली पाहिली. बी होतं, भरपूर होतं. तरी मी डब्यांत ती माती भरून मका लावला, आणि आठ आठवडे थांबलो. सहा डब्यांपैकी पाचांत कायोंगो वर आला.

मी तिला सांगायला गेलो तेव्हा ती तीळ झोडपत होती. या वेळी मी बहुतेक म्हटलं नाही. म्हटलं, होतं. तू यायच्या आधीपासून होतं. ती काठी खाली ठेवून बसली आणि कमरेच्या फडक्याच्या टोकानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, हे तू त्यांच्यासमोर बोल.

रविवारी प्रार्थनेनंतर राडिंगच्या अंगणात सगळे जमले. राडिंग, ओचोला, ओडुंडो, वाड्यावस्तीतली आणखी काही माणसं. बायका मागे चटईवर, अदोयो त्यांच्यापासून थोडी दूर. मी पाचही डबे घेऊन गेलो होतो. आयुष्यात इतकं नीट मी कधी बोललो नसेन. घर कधी बांधलं, माती कुठली, बी किती वर्षं झोपतं, कशानं उठतं, सगळं सांगितलं. डबे हातोहात फिरले. मला वाटलं, जमलं.

राडिंग भला माणूस होता. आवाज चढवून बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. त्यानं डबा गुडघ्यावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "वासोंगा, बाळा, म्हणजे हे बी आमच्या जमिनीत झोपलेलं होतं."

"होय, जादुओंग." वडीलधाऱ्याला आम्ही असंच म्हणतो.

"आणि उठवल्याशिवाय ते उठत नाही, असं तुझे साहेब म्हणतात."

"मक्याचं मूळ उठवतं. कुणाचाही मका असो."

"ते खरं. पण त्या वर्षी या घरात सगळ्यात आधी मका कुणी पेरला?"

कुणीतरी मागे घसा खाकरला. ओडुंडो हसला आणि म्हणाला, "काका, एवढी वर्षं आपण नुसतं म्हणत होतो. आता केंद्राचा शिक्काही मिळाला."

मी म्हणालो, अहो, शेजाऱ्यांचा मका तर तिच्याही आधीचा होता, आणि त्याच्या आधीच्या वर्षीही तुम्ही मका पेरलाच होता की. पण माणसं उठायला लागली होती. ज्याला त्याला हवं ते मिळालं होतं. मी ओचोलाकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. अठरा वर्षांच्या संसारातून त्याला एक वाक्य सापडलं नाही. अदोयो उठली, आत गेली आणि पाहुण्यांसाठी केलेली ज्वारीची पेज वाटायला लागली. राडिंगला तिनं गुडघे टेकून वाटी दिली, रीत आहे तशी. मलाही दिली.

ओचोला दोन वर्षांनी गेला. सुतक फिटल्यावर जमिनीची वाटणी झाली. अदोयोला मुलगा नव्हता, आणि अकेयो लग्न होऊन सरोवराकाठी उसेंगेला गेली होती. राडिंगनं निर्णय दिला: ओढ्याकाठचा अर्धा एकर ओडुंडोला, आणि वरचं अबोन्योचं शेत अदोयोला. कारणही त्यानं दिलं, आणि ते ऐकायला अगदी रास्त होतं. म्हणाला, "ओडुंडोला लेकरं आहेत, त्याला पिकणारी जमीन पाहिजे. तुला या रोगाचं औषध माहीत आहे. तू वरचं शेतही साफ करशील."

म्हणजे आणखी अकरा-बारा वर्षं. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, पण कमरेत वाकून गेली होती. मी तिला भेटायला गेलो तर म्हणाली, चहा घे.

त्या हंगामात तिनं वरच्या शेतात मका पेरला आणि कायोंगो उपटला नाही. एकही रोप नाही. मी तिकडून जायचो तेव्हा बघायचो, फुलला, बोंडं धरली, वाळून तपकिरी झाला. मला वाटलं, नवरा गेल्याच्या दुःखात असेल. खरं सांगायचं तर मला असंच वाटून घ्यायचं होतं. ऑगस्टमध्ये एका सकाळी ती शेतात टोपली घेऊन बसलेली दिसली. टोपलीला आतून फडकं लावलं होतं. वाळलेले तुरे ती हळूच कापून त्यात झटकत होती, एक कण खाली न सांडता. तिला मीच शिकवलं होतं ते बी कसं धरायचं. मी हाक मारली नाही.

सप्टेंबरात दुसऱ्या पावसाच्या पेरणीला ओडुंडोनं ओढ्याकाठचं शेत नांगरलं होतं. भर दुपारी, त्याची बायको आपोंदी आणि चार बायका ढेकळं फोडत असताना, अदोयो टोपली कमरेवर घेऊन कुंपणातून आत आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तिनं मुठीमुठीनं बी उधळलं. वाळू मिसळून आणलं होतं, म्हणजे सगळीकडे सारखं पडेल. ओडुंडो ओरडत धावत आला, पण दहा पावलांवर थांबला. बापाच्या बायकोच्या अंगाला हात लावायची त्याची छाती नव्हती.

ती टोपली उलटी करून झटकत म्हणाली, "वीस वर्षं म्हणालात मी आणलं. तेव्हा मी आणलं नव्हतं. आज आणलंय, नीट बघून घ्या."

आठवड्याभरात तिनं घराचं दार दोरीनं बांधलं आणि ती उसेंगेला लेकीकडे निघून गेली.

त्या पावसात ओडुंडोचा मका डोक्याएवढा झाला. कायोंगोचं रोप औषधालासुद्धा नाही. गावात ही थट्टा झाली: बिचारीच्या हातचं तणसुद्धा उगवत नाही. ओडुंडो पारावर बसून हे रंगवून सांगायचा. मी ऐकत होतो. मला माहीत होतं की ताजं बी पहिल्या हंगामात उठत नाही. त्याला काही महिने कोरडं पडून मुरावं लागतं, मग ते हाकेला ओ देतं. तेव्हाच मी ओडुंडोला सांगू शकलो असतो, की एक-दोन वर्षं मका लावू नकोस, तीळ लाव, भुईमूग लाव, निदान पहिली रोपं दिसताक्षणी उपट. मी सांगितलं नाही. डब्यांवर हसणारा त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

पुढच्या जूनमध्ये शेत जांभळं झालं. केंद्राच्या वहीत मी सगळी वर्षं खाली आलेला आकडा पुन्हा वर नेला, आणि कारणाच्या रकान्यात "शेजारच्या शेतातून प्रसार" असं लिहिलं. साहेबांनी काही विचारलं नाही. त्यानंतर वर्षभरानं प्रकल्पच बंद झाला.

२००६ मध्ये मी एका कामासाठी उसेंगेला गेलो होतो. सरोवराच्या काठावर बायकांनी जाळ्यांवर ओमेना वाळत घातली होती, त्या बोटाएवढ्या रुपेरी मासळीचा वास सगळीकडे. त्यांत अदोयो होती. अंगानं सुधारली होती. मला बघून तिला बरं वाटलं, बसायला उलटी बादली दिली. इकडचं तिकडचं झालं. राडिंग गेला हे तिला कळलं होतं. मग तिनं शेताचं विचारलं. मी सांगितलं, जसं तू हाती घेतलंस तेव्हा होतं, तसंच आहे. थोडं जास्तच.

ती मासळी उलटत म्हणाली, "ओडुंडो उपटतो की नाही?"

"ओडुंडो किसुमूला असतो आता. रखवालदार आहे. आपोंदी उपटते."

तिचे हात थांबले. "आपोंदी? तिला दोन लेकरं ना?"

"चार झाली. धाकटं पाठीला बांधून उपटते."

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, ओडुंडो उपटेल."

निघताना तिनं मला कागदात बांधून ओमेना दिली आणि आपोंदीला सांगायला काही गोष्टी सांगितल्या. तीळ कुठल्या अंगानं पेरायला सुरुवात करायची, ओढ्याकडच्या ओलीत रोप आधी वर येतं, तिथं आधी बघायचं, फूल यायच्या आत उपटायचं. हे मी सांगितलं असं सांगू नकोस, म्हणाली.

मी गावी आल्यावर आपोंदीला सगळं सांगितलं. ती खुरपं हातात घेऊन उभी होती, मूल पाठीवर झोपलेलं होतं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, तीळ पेरला तर त्या हंगामात पोरांना मी काय घालू?" आणि ती पुढच्या ओळीत वाकली.